कादंबरीच्या नोंदी : भांडुप ते छापखाना

पहिली कादंबरी लिहिली आणि शेवटी स्वतःच छापली. त्या अडीच वर्षांत वहीत ठेवलेल्या या नोंदी. नोकरी सांभाळून कुणी याच वाटेला जाणार असेल, तर किती पैसे जातात, किती दिवस जातात आणि कुठे फसायला होतं एवढं तरी आधी कळावं. उतरवताना रडगाणं बरंच कमी केलंय. सगळं नाही गेलं.

१६ जानेवारी २०२३

संक्रांत झाली, आता सबब उरली नाही. आजपासून सुरू.

विषय दोन वर्षं डोक्यात आहे : पालिकेचा चावीवाला. मुंबईचं बरंचसं पाणी भांडुपच्या संकुलात शुद्ध होऊन पुढे शहरभर जातं, आणि त्याच भांडुपच्या टेकडीवर आम्ही पाण्याच्या वेळेवर झोपतो-उठतो. ती वेळ ज्याच्या हातातल्या लोखंडी चावीने ठरते, तो माणूस.

लिहायची जागा : सकाळची स्लो लोकल, भांडुप ते सीएसएमटी, लेडीज डबा. घाटकोपरपर्यंत उभं राहून विचार, कुर्ल्याच्या आसपास चौथी सीट मिळाली तर फोनवर टायपिंग. आज ११० शब्द. त्यातले ४० उतरताना खोडले.

९ मार्च २०२३

रोजची सरासरी साधारण २५० शब्द. बोलून टाइप करायचा प्रयोग आठवडाभर केला आणि सोडला. एक तर डब्यात सगळ्या ऐकतात. बाजूच्या बाईंनी दादरला विचारलं, "मग त्याने बायकोला सांगितलं की नाही?" दुसरं, फोन माझं ‘पाणी’ दर वेळी ‘पानी’ करतो. पाण्यावरच्या कादंबरीत हे किती वेळा दुरुस्त करायचं?

२२ जून २०२३

दोन प्रकरणं गेली. सुमारे ६,००० शब्द.

नोंदींच्या ॲपमध्ये लिहीत होते. फोन भरला म्हणून नवऱ्याने ‘नको ते’ काढून टाकलं, आणि माझी प्रत दुसरीकडे कुठेच नव्हती. त्याला दोन दिवस बोलले. तिसऱ्या दिवशी कबूल केलं की चूक माझी. आता रोज रात्री स्वतःलाच मेल करते आणि रविवारी कॉम्प्युटरवर तारीख घालून वेगळी फाइल ठेवते.

आठवणीतून पुन्हा लिहिताना ती दोन प्रकरणं ३,८०० शब्दांत बसली. नेमकं काय गळलं ते आठवत नाही.

१३ ऑगस्ट २०२३

आजचा दिवस महत्त्वाचा, आणि लाजिरवाणा.

पहिल्या प्रकरणात माझा नायक पहाटे चार वाजता रस्त्यातलं झाकण उघडतो, चावी आत घालतो, "सर्व शक्तीनिशी एक हिसडा" देतो आणि पाणी धो धो सुटतं. मला हे वाक्य फार आवडायचं. गल्लीत निवृत्त चावीवाले काका राहतात. त्यांना ते प्रकरण वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ताई, तो काय दरवाजा आहे का?"

मग त्यांनी समजावलं. व्हॉल्व्ह फेऱ्यांवर उघडतो. चावी म्हणजे टीच्या आकाराची उंच दांडी. ती खालच्या चौकोनी टोकावर बसवायची आणि फेरे मोजत फिरवायची. लाइन जितकी मोठी तितके फेरे जास्त. आणि सावकाश, कारण पाणी एकदम सोडलं की त्याचा धक्का बसून जुनी लाइन फुटते. "हिसडा दिला असता तर मेमो मिळाला असता," असं म्हणून हसले. फेरे तोंडाने मोजायचे की मनात, हे विचारलं. म्हणाले, "मनात. तोंडाने मोजले की कोणीतरी येऊन बोलायला लागतं, आकडा चुकतो."

घरी येऊन पहिलं प्रकरण फाडलं. नवीन प्रकरण फेरे मोजण्यावरच उभं आहे : तो मोजतोय, मध्येच कुणीतरी येऊन बोलतं, आकडा चुकतो. पुढची सगळी गोष्ट त्या चुकलेल्या आकड्यातून निघते. सात महिने मी प्लॉट शोधत होते.

लिहायच्या आधी विचारायला हवं होतं. जानेवारीत गेले असते तर निदान चार महिने वाचले असते. पण अर्धवट विषय घेऊन लोकांकडे जायची लाज वाटते. "कादंबरी लिहितेय" म्हटलं की समोरचा माणूस एकदम सरळ बसून पुस्तकी बोलायला लागतो, ही त्यातली दुसरी अडचण. काकांना मी आधी फक्त पाण्याची तक्रार सांगितली. मग ते मोकळे झाले.

२६ नोव्हेंबर २०२३

पहिला खर्डा संपला. ८८,००० शब्द. आता काहीच करायचं नाही असं ठरवून महिनाभर कपाटात ठेवला. पाळलं फक्त अकरा दिवस.

७ जानेवारी २०२४

सासूबाईंना वाचून दाखवते आहे, रोज रात्री जेवणानंतर अर्धा तास. मोतीबिंदूमुळे त्यांना वाचता येत नाही, आणि टीव्हीवरच्या मालिकेचा त्यांना कंटाळा आलाय, म्हणजे श्रोता पक्का. त्या मत देत नाहीत. आवडलं तर "मग?" म्हणतात, नाही आवडलं तर झोपतात. मी वहीत फक्त तेवढंच लिहिते.

प्रकरण १ ते ४ : जाग्या. ५ : पेंगल्या. ६, ७ : झोपल्या. ८ : जाग्या, दोनदा "मग?". १३ : झोपल्या, पण दिवसभर पापड केले होते, त्यामुळे ही नोंद धरली नाही.

सहाव्या-सातव्या प्रकरणात मी मुंबईच्या पाण्याचा इतिहास घातला होता. विहार १८६०, तुळशी १८७९, तानसा १८९२, असं सगळं. वाचनालयात बसून काढलेलं, म्हणून जीव अडकलेला. खरं म्हणजे तो कादंबरीसाठी नव्हताच. माझ्यासारख्या कारकून बाईने अभ्यास केलाय हे कुणा विद्वानाला दिसावं म्हणून होता. दोन्ही प्रकरणं काढली. तानसाची पाइपलाइन एका वाक्यात राहिली, कारण नायक तिच्या कडेने शाळेत जायचा.

आता ७१,००० शब्द.

२९ जानेवारी २०२४

चार स्पायरल प्रती काढल्या, प्रत्येकी ५६० रुपये. चार प्रकाशकांना पाठवल्या, त्यातल्या दोन पुण्याला. कुरिअर ४८० रुपये. सोबत एका पानाचं पत्र आणि एका पानाचा सारांश. सारांश लिहायला नऊ दिवस लागले. कादंबरीतल्या कुठल्याच प्रकरणाला नऊ दिवस लागले नव्हते.

१८ एप्रिल २०२४

एका प्रकाशनाचं दोन ओळींचं नम्र नकारपत्र आलं. उरलेल्या तिघांकडून काही नाही. फोन केला तर "वाचनात आहे." हा शब्दप्रयोग तीन वेगवेगळ्या शहाण्या माणसांकडून ऐकला, तेव्हा खात्री झाली की वाचनात नाही.

राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, पहिल्या पुस्तकासाठी. मला ती कळली तेव्हा मुदत टळून गेली होती. तुमचं पहिलंच पुस्तक असेल तर खर्डा संपायच्या आधीपासून तिची जाहिरात बघत राहा. एकदा पुस्तक निघालं की तुम्ही नवलेखक राहत नाही.

३१ मे २०२४

मध्य रेल्वेचा ६३ तासांचा मेगाब्लॉक. ऑफिसने घरी बसायला सांगितलं. संपादकांचे शेरे उघडून बसले.

मागची गोष्ट अशी : मार्चअखेरीस एका अनुभवी संपादकांना पैसे देऊन खर्डा दिला. १८,००० रुपये. घरात याबद्दल आवाज चढले होते. आज वाटतं की सगळ्या खर्चात हाच सत्कारणी लागला. त्यांनी कथानकाला फारसा हात लावला नाही. काय केलं, तर ‘जणू’ आणि ‘जणू काही’ ला पिवळा रंग दिला. एकूण १९४. शेवटी लिहिलं : "चावीवाला एवढ्या उपमा देत असेल तर तो चावी कधी फिरवतो?"

१९४ चे २३ केले.

दुसरा शेरा मात्र मानला नाही. "उपसंहार काढा. गोष्ट आधीच्या प्रकरणात संपली आहे." उपसंहार म्हणजे वीस वर्षांनंतर नायकाची मुलगी परत टेकडीवर येते, सहा पानं. लिहिताना मी रडले होते. सरांना फोन करून सांगितलं की हा राहणार. ते म्हणाले, "पुस्तक तुमचं आहे." हे वाक्य प्रेमाने म्हणाले की कंटाळून, ते कळलं नाही.

१२ जून २०२४

३० मेपासून ५ टक्के आणि ५ जूनपासून १० टक्के पाणीकपात. काकांच्या ओळखीने सध्या कामावर असलेल्या एका चावीवाल्याबरोबर पहाटे दीड तास फिरायला मिळालं. नाव-वॉर्ड काही लिहायचं नाही या अटीवर. कपातीच्या दिवसांत त्याच्यामागे लोक येतात. शिव्या द्यायला थोडे, बहुतेक नुसते बघायला. पाच-सहा माणसं मिठाच्या बाहुल्यांसारखी उभी, आणि हा वाकून फेरे मोजतोय. एक आजी घरातून चहा घेऊन आली. त्याने घेतला नाही. पुढच्या गल्लीत मला म्हणाला, "चहा घेतला की दहा मिनिटं जास्त सोडलं म्हणतात."

हा चहा कादंबरीत गेला. माझ्या कल्पनेतला लाच देणारा बिल्डर त्याच रात्री बाहेर पडला, ३,००० शब्द घेऊन.

८ जुलै २०२४

रात्री एक ते सकाळी सातमध्ये कित्येक ठिकाणी ३०० मिलिमीटरच्या वर पाऊस. रुळांवर पाणी, लोकल ठप्प. दिवसभर घरी. शेवटची चार प्रकरणं एका बैठकीत तपासली. ६४,००० शब्द. बाहेर एवढं पाणी आणि नळाला कपात. (नंतरची भर : ती २९ जुलैला उठली.)

२० सप्टेंबर २०२४

ही नोंद लिहायला नको वाटतं, पण तिच्यासाठीच वही उतरवतेय.

ऑगस्टमध्ये एका प्रकाशकाचा फोन आला. "हस्तलिखित अप्रतिम आहे." आठ महिन्यांत पहिल्यांदा कुणी असं म्हणालं. ‘सहभाग तत्त्वावर’ छापू, ५०० प्रती, तुमचा सहभाग ८५,००० रुपये, जागा धरून ठेवायला १०,००० आज पाठवा. मी पाठवले. फोन ठेवल्यावर तिसऱ्या मिनिटाला. त्यांनी कादंबरी वाचली होती का, हे विचारायचंही सुचलं नाही.

करार पैशांनंतर आला. ५०० पैकी २०० प्रती मीच निम्म्या किमतीत विकत घ्यायच्या. ऑडिओ, अनुवाद, चित्रपट, सगळे हक्क त्यांचे, आणि तेही कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी. आपल्याकडे ही मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं असते. म्हणजे माझ्या नातवंडांनाही विचारायला त्यांच्याकडेच जावं लागलं असतं. ऑफिसमधल्या वकील मॅडमनी करार वाचला आणि दोन गोष्टी सांगितल्या. हक्क देताना मुदत आणि प्रदेश लिहून घ्यायचा. मुदत लिहिलेलीच नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो, पण इथे लिहिलेली आहे, म्हणून सही करू नका. दुसरी गोष्ट : मुख्य पात्राचं नाव करारात चुकलंय. ‘सारांश’ या रकान्यात दुसऱ्याच कुणाच्या कादंबरीचा सारांश होता.

सही केली नाही. १०,००० परत मिळाले नाहीत. तीन पत्रं, सहा फोन, मग मी थांबले.

लेखकाने पैसे घालून पुस्तक काढण्यात कमीपणा नाही, आपल्याकडे कित्येक चांगली पुस्तकं तशीच निघाली आहेत. पण मग प्रती आणि हक्क आपल्याकडे असायला हवेत. कराराआधी पैसे मागितले की फोन ठेवायचा.

३ ऑक्टोबर २०२४

मराठीला अभिजात दर्जा मिळाल्याची बातमी संध्याकाळी आली. डब्यात दोघी-तिघींनी टाळ्या वाजवल्या. मी त्याच वेळी कागदाचे भाव विचारत होते.

ठरलं, स्वतः छापायचं. प्रकाशक म्हणून माझंच नाव.

१४ ऑक्टोबर २०२४

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीच्या पोर्टलवर लेखक-प्रकाशक म्हणून अर्ज करता येतो, पैसे लागत नाहीत. कुणी क्रमांक ‘काढून देतो’ म्हणून पैसे मागितले तर देऊ नका. माझा अर्ज पहिल्यांदा परत आला, चूक माझीच : अर्जात नावातला एक शब्द ऱ्हस्व आणि जोडलेल्या शीर्षकपानावर तोच दीर्घ. दुरुस्त करून पुन्हा भरला. हे काम मुखपृष्ठाच्या आधी सुरू करा, नाहीतर मागच्या बाजूला बारकोडची जागा रिकामी ठेवून चित्रकार तुमची वाट बघत बसतो.

१० नोव्हेंबर २०२४

अक्षरजुळणी. पानाला ४० रुपये. जुळणी करणाऱ्या दादांचं दुकान दादरला, जिन्याखाली, दोन कॉम्प्युटर आणि एक गणपती.

माझा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोन-कॉम्प्युटरवर तसाच दिसणाऱ्या अक्षरांत; त्यांचा सगळा कारभार जुन्या फाँटात. त्यांनी तो कन्व्हर्टरमधून काढला आणि पहिलं गॅली प्रूफ हातात दिलं. ‘दुसऱ्या’ चं ‘दुसर्या’, ‘पुऱ्या’ चं ‘पुर्या’, ‘वाऱ्यावर’ चं ‘वार्यावर’. ‘ॲ’ जिथे जिथे होता तिथे चौकोन. अवतरण चिन्हं कुठे सुरूच होत नव्हती, कुठे संपतच नव्हती. संवादांनी भरलेल्या कादंबरीत कोण बोलतंय ते समजेना.

दोन दिवस हाताने दुरुस्त्या केल्या. मग लक्षात आलं की चूक मुळात आहे, तर पुन्हा मुळापासून करू. युनिकोड फाँटातच जुळणी करायची असं ठरलं. दादा नाखूश. त्यातही पहिला फाँट निवडला त्यात ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे. आपला पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हवा, २०२२ च्या शासन निर्णयातही तेच आहे. सांगायला गेले तर दादा म्हणाले, "मॅडम, वाचणाऱ्याला काय फरक पडतो?" पहिल्या पानावर ‘लोखंडी’ शब्द होता. दोन्ही फाँटांत छापून शेजारी शेजारी ठेवला. दादांनी चष्मा वर केला, दोन्ही कागद लांब धरले, आणि काही न बोलता फाँट बदलला.

वेळ गेला : १९ दिवस. फाँट आधी ठरवा, चार पानांचा नमुना काढा, त्यात मुद्दाम ऱ्य, ऱ्ह, ॲ, ऑ, र्क, ल्ल, श्र, श्व आणि संवाद असू द्या. तो बघून मगच पूर्ण मजकूर द्या.

१ डिसेंबर २०२४

मुद्रितशोधन. पानाला २० रुपये, दोन फेऱ्या. करणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका, मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १८ नियम तोंडपाठ. त्यांनी चावीवाल्याचे संवादही शुद्ध करून टाकले. ‘न्हाई’ चं ‘नाही’, ‘कुटं’ चं ‘कुठे’. मी फोन केला. त्या म्हणाल्या, "अगं, पात्राच्या तोंडी बोलीभाषा चालते, पण मग सगळीकडे एकच ठेव. पान १२ ला ‘न्हाई’, पान ३० ला ‘नाय’. हा माणूस साताऱ्याचा आहे की मालवणचा?"

साताऱ्याचा. ‘नाय’ माझा, भांडुपचा. ६१ ठिकाणी बदललं.

त्यांनीच पकडलं : नायकाच्या मुलीचं वय पान ४० वर ११, आणि सहा महिन्यांनी पान ११२ वर १४. मी हे पुस्तक चाळीस वेळा वाचलंय. संपादकांनी वाचलंय. सासूबाईंनी ऐकलंय.

१९ डिसेंबर २०२४

लोअर परळला छापखान्यात गेले. अंतिम पानं : सुरुवातीची धरून २४६.

मालकांनी कॅल्क्युलेटर न घेता सांगितलं, "मॅडम, २४० करा."

फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घातलेली पानं. डेमी या पुस्तकाच्या आकारात एक फर्मा १६ पानांचा. २४० म्हणजे बरोबर १५ फर्मे. २४६ असतील तर साडेपंधरा करावे लागतात, म्हणजे २४८, दोन पानं कोरी. अर्ध्या फर्म्याला वेगळी प्लेट, वेगळी घडी. ५०० प्रतींना साधारण ३,१०० रुपये जास्त. अक्षर थोडं लहान केलं तर पानं कमी होतील, पण १३ चा पॉइंट १२ केला की आमच्या वाचकांची वयं बघता पुस्तक बंदच होणार.

घरी येऊन सहा पानं कुठून काढायची ते शोधलं. इथे एक परिच्छेद, तिथे अर्धं पान. रात्री साडेअकराला लक्षात आलं की उपसंहार बरोबर सहा पानांचा आहे.

मे महिन्यात संपादकांनी अनुभवाच्या जोरावर सांगितलेलं ऐकलं नव्हतं. ते आता ३,१०० रुपयांसाठी ऐकलं. काढल्यावर शेवटचं वाक्य राहिलं ते असं : "तो बाविसाव्या फेऱ्याला थांबला." मी ते दोनदा वाचलं आणि दिवा बंद केला. सरांना कळवलं नाही. पुस्तकच पाठवीन म्हटलं.

आणखी एक : छपाई डिसेंबरअखेर उरकत होती, पण आवृत्तीचा महिना जानेवारी २०२५ टाकला. राज्य वाङ्मय पुरस्कारांना जानेवारी ते डिसेंबर असं कॅलेंडर वर्ष धरतात. पहिल्या कादंबरीसाठी श्री. ना. पेंडसे यांच्या नावाचा स्वतंत्र पुरस्कार आहे. डिसेंबर छापला असता तर अर्जाला जेमतेम महिना हाती राहिला असता. पुरस्कार मिळेल असं नाही, पण अर्ज तरी धावपळीत नको.

२६ जानेवारी २०२५

५०० प्रती टेम्पोने घरी, १,४०० रुपये. लिफ्ट नाही. चौथा मजला. शेजारच्या मुलांना वडापाव.

वास घेतला, रडून झालं, मग सासूबाई म्हणाल्या, "सगळी उघडून बघ." कशाला, म्हटलं. "आमच्या वेळी पंचांगातसुद्धा पानं उलटी निघायची." बसलो. बावीस प्रतींमध्ये सातवा फर्मा दोनदा बांधलेला, आठवा गायब. पान ९७ ते ११२ संपलं की परत ९७, आणि मग थेट १२९. छापखान्याने वाद न घालता त्या प्रती नव्याने बांधून दिल्या, आठ दिवस लागले. न तपासता वाटल्या असत्या तर बावीस लोकांना वाटलं असतं की ही काहीतरी नवी शैली आहे.

१० फेब्रुवारी २०२५

१९५४ च्या कायद्याने प्रकाशनानंतर ३० दिवसांत चार ग्रंथालयांना आपल्या खर्चाने प्रत पाठवायची असते : कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कोनेमारा, दिल्ली पब्लिक लायब्ररी आणि आपलं मुंबईचं. आपली प्रत दुपारच्या सुट्टीत टाऊन हॉलच्या पायऱ्या चढून स्वतः दिली. पोच घेतली. ती पोच डब्यात तीन बायकांना दाखवली.

बाकी टपालाचा घोळ. रजिस्टर्ड बुकपोस्ट १८ डिसेंबरपासून बंद झालंय, हे मला पुस्तकं पाकिटात भरून, पत्ते लिहून, खिडकीपाशी पोचल्यावर कळलं. आता कुरिअर. दर पुस्तकामागे मी धरलेला हिशेब पार कोसळला. (नंतरची भर : १ मे २०२५ पासून टपालाची ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झाली, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये. माझं पुस्तक २८० ग्रॅमचं, जाड पाकिटासकट ३१२ भरलं. पातळ पाकिटं आणली.)

२ मार्च २०२५

दादरच्या आणि गिरगावच्या दुकानांत मिळून १२० प्रती ठेवल्या. किंमत ३५०, दुकानाची सवलत ४५ टक्के, पैसे विक्री झाल्यावर. एका काउंटरवरच्या मुलाने पुस्तक उलटंपालटं करून विचारलं, "कण्यावर नाव कुठंय?" कण्यावर नाव होतं, पण खालून वर वाचायचं. शेल्फवर उभं ठेवलं की सगळ्यांची मान एकीकडे, माझ्या पुस्तकासाठी दुसरीकडे वळवावी लागते. मुखपृष्ठाला ७,००० दिले होते, त्यात कण्याकडे कुणीच बघितलं नाही. मीही नाही.

प्रकाशन समारंभ केला नाही. हॉल, हार, पाहुण्यांचं मानधन आणि बटाटेवडे यांचा अंदाज काढला तर आणखी दीडशे प्रती छापता आल्या असत्या. नातेवाईक अजून नाराज आहेत.

३० जून २०२५

हिशेब, रुपयांत.

झेरॉक्स-स्पायरल २,२४०. कुरिअर ४८०. संपादन १८,०००. बुडालेले १०,०००. अक्षरजुळणी ९,६००. मुद्रितशोधन ९,६००. मुखपृष्ठ ७,०००. कागद-छपाई-बांधणी ४६,००० (प्रत ९२ ला पडली). टेम्पो १,४००. टपाल आणि कुरिअर ४,१८०. एकूण १,०८,५००.

थेट विक्री १४१ प्रती, प्रत्येकी ३०० ने : ४२,३००. दुकानांत ९६ विकल्या, पैकी ६० चे पैसे आले : ११,५५०. म्हणजे ५३,८५० परत. भेट, अभिप्राय, पुरस्कार आणि ग्रंथालयं मिळून ६३ प्रती गेल्या. घरी १७६ शिल्लक, पलंगाखाली. तिथला केर काढता येत नाही.

थेट विकलेल्या १४१ पैकी निम्म्याहून जास्त लेडीज डब्यात गेल्या. ‘मग त्याने बायकोला सांगितलं की नाही’ विचारणाऱ्या बाईंनी दोन घेतल्या, एक नणंदेला. सुट्टे नव्हते म्हणून ६०० रुपये तीन दिवसांनी दिले.

संपादक सरांचा फोन आला होता. शेवट चांगला केलात, म्हणाले. मी फर्म्याचं काही बोलले नाही.

६ जुलै २०२५

चावीवाले काकांनी वाचून संपवली. पाच महिने लागले, रोज दोन पानं. पुस्तक परत घेऊन आले, पानांत बसच्या तिकिटांच्या खुणा. पहिल्या प्रकरणाबद्दल काही बोलले नाहीत. थेट पान १८६ उघडलं. तिथे नायक एकामागून एक तीन व्हॉल्व्ह बंद करतो, तिन्ही उजवीकडे फिरवून.

"यातला मधला उलटा आहे."

म्हटलं, काका, हे मी मनाने रचलेलं आहे, अशी गल्लीच नाही.

"असं कसं नाही? चढावर, शाळेच्या मागे. तुम्ही लिहिलंय तेच. तिथला मधला डावीकडेच बंद होतो. नवा माणूस आला की पहिल्या दिवशी हमखास फसतो."

सुरुवातीला काढलेल्या बावीस प्रतींच्या यादीखाली आता शुद्धिपत्राचं पान सुरू केलंय. पान १८६, ओळ ९ : ‘उजवीकडे’ ऐवजी ‘मधला डावीकडे’. काका उद्या मला ती गल्ली दाखवायला नेणार आहेत. पहाटे चारला निघायचंय.